तंतूला साजेसा प्रकाश

प्रकाशतंतूच्या प्रत्येक दुव्याच्या एका टोकाला मिठाच्या खड्याएवढा अर्धवाहकाचा तुकडा असतो. विजेच्या रूपात आलेला संदेश तो प्रकाशाच्या चढउतारांत बदलतो. पलीकडच्या टोकाचा फोटोडायोड त्या चढउतारांची पुन्हा वीज करतो. मधली काच केवळ वाहक असते, तरीही कोणता प्रकाशस्रोत चालेल हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. स्रोताचा प्रकाश काच कमीत कमी शोषेल अशा तरंगलांबीचा हवा आणि केसाहून बारीक गाभ्यात शिरेल इतका आटोपशीर हवा. बहुमोड तंतूचा गाभा 50 किंवा 62.5 मायक्रॉनचा असतो, एकमोड तंतूचा जेमतेम 9. शिवाय स्रोत सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करू शकला पाहिजे, त्याचा वर्णपट अरुंद हवा आणि तो वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1880 मध्ये प्रकाशावर आवाज वाहणाऱ्या फोटोफोनसाठी सूर्यप्रकाश वापरला होता. तो यांतल्या बहुतेक कसोट्यांना उतरला नसता.

तरंगलांबीची निवड काचेच्या स्वभावाशी बांधलेली आहे. काच तयार होताना तिच्या घनतेत अतिसूक्ष्म चढउतार गोठून राहतात आणि त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो. तरंगलांबी वाढेल तसे हे विखुरणे झपाट्याने, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, घटते. म्हणून दृश्य प्रकाशापेक्षा अवरक्त प्रकाश तंतूत दूरवर जातो. पण सुमारे 1600 नॅनोमीटरच्या पुढे काचेचे रेणूच अवरक्त प्रकाश शोषू लागतात आणि लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, पुन्हा चढतो. जुन्या तंतूंत 1383 नॅनोमीटरच्या आसपास पाण्याच्या अंशामुळे आणखी एक उंचवटा असे. या सगळ्यातून कामाच्या तीन खिडक्या उरल्या : 850, 1310 आणि 1550 नॅनोमीटर. आजच्या एकमोड तंतूत 1310 ला दर किलोमीटरला साधारण 0.35 डेसिबल लॉस होतो, 1550 ला 0.2 च्या जवळपास. 850 ला बहुमोड तंतूत तो अडीच-तीन डेसिबल असतो. दर 3 डेसिबलला प्रकाश निम्मा होतो हे ध्यानात घेतले, तर 850 वरचे दुवे आता इमारतीच्या आवारातच का उरले हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही सुरुवात 850 नेच झाली, कारण त्या वेळी हाताशी असलेला अर्धवाहक त्याच सुमाराचा प्रकाश देत होता. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आणि पोकळी (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येतात तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रकाशाची तरंगलांबी ठरते. हिशेब सोपा आहे. 1240 ला त्या पदार्थाच्या इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील ऊर्जा-अंतराने भागले की नॅनोमीटर मिळतात. गॅलियम आर्सेनाइडचे अंतर 1.42, म्हणजे 873 नॅनोमीटर. त्यात थोडे ॲल्युमिनियम मिसळले की तरंगलांबी 850 किंवा त्याखाली उतरते. 1310 आणि 1550 साठी अनुक्रमे सुमारे 0.95 आणि 0.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ते इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या चौमिश्रणातून, इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर थर वाढवून साधले जातात. इलेक्ट्रॉनिक्सचा आधारस्तंभ असलेले सिलिकॉन मात्र येथे कुचकामी ठरते. त्यात इलेक्ट्रॉन आणि पोकळीच्या मीलनातून प्रकाशाऐवजी मुख्यतः उष्णता निघते. सिलिकॉनच्या चिपवर आज प्रकाशाचे मार्ग, मॉड्युलेटर, गाळण्या असे जवळजवळ सगळे कोरता येते, पण प्रकाश देणारा लेसर अजून इंडियम फॉस्फाइडचाच आणून जोडावा लागतो.

या स्रोतांचा इतिहास काचेच्या इतिहासाला समांतर धावला. अर्धवाहकाचा लेसर 1962 मध्ये अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी तयार झाला, पण तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात आणि क्षणिक स्पंदांपुरताच चाले. पुढच्याच वर्षी हर्बर्ट क्रोमर यांनी वेगवेगळ्या अर्धवाहकांच्या थरांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात येऊन खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर 1970 मध्ये निघाला, तोही दोन ठिकाणी : लेनिनग्राडला झोरेस अल्फेरोव यांच्या गटात आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांच्याकडे. त्याच वर्षी कॉर्निंगच्या संशोधकांनी किलोमीटरला सुमारे 17 डेसिबल लॉसचा तंतू ओढला. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये व्यवहार्यतेसाठी सांगितलेल्या 20 डेसिबलच्या मर्यादेच्या आत तो बसला. काच आणि दिवा एकाच वर्षी तयार झाले असे म्हणायचे, पण दिव्याची तयारी कच्ची होती. पहिले लेसर अल्पायुषी निघत. स्फटिकातील दोष प्रवाहाच्या माऱ्याने पसरत, त्यांच्या काळ्या रेषा उमटत आणि लेसर विझे. या रेषांचा बंदोबस्त करण्यात पुढची काही वर्षे गेली. 1976 च्या सुमारास बेल लॅब्समधील उत्तम नमुन्यांचे अंदाजित आयुष्य एक लाख तासांवर पोचले आणि मगच दूरध्वनी कंपन्यांनी लेसरवर विसंबायचे धाडस केले. 1977 मध्ये अमेरिकेत लाँग बीच आणि शिकागो येथे प्रत्यक्ष दूरध्वनी वाहतूक तंतूंवर गेली. भारतातील पहिली स्थानिक जंक्शन यंत्रणा 1979 मध्ये पुण्यात सुरू झाली. क्रोमर आणि अल्फेरोव यांना 2000 चे नोबेल मिळाले, काओ यांना 2009 चे.

लेसर भरवशाचा होईपर्यंत मदतीला एलईडी होता. त्यात इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या आपापल्या वेळी एकत्र येतात आणि फोटॉन सर्व दिशांना सुटतात. प्रकाश असा फाकत असल्यामुळे तंतूच्या गाभ्यात त्याचा अगदी थोडा हिस्सा शिरतो. बेल लॅब्सच्या चार्ल्स बरस यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी एलईडीच्या पाठीत खड्डा कोरून तंतूचे टोक थेट प्रकाशणाऱ्या थराला भिडवले. ही रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तरीही 62.5 मायक्रॉनच्या तंतूत पडणारा प्रकाश साधारण उणे 20 डीबीएम, म्हणजे 10 मायक्रोवॅटच्या आसपास राहतो आणि एकमोड तंतूत तर नगण्य. दुसरी अडचण वर्णपटाची. 850 चा एलईडी 40-50 नॅनोमीटर पट्ट्यात प्रकाश देतो, 1300 चा शंभराहून अधिक. काचेत प्रत्येक तरंगलांबीचा वेग वेगळा असल्याने हा पट्टा वाटेत पसरतो. 850 ला दर नॅनोमीटरला, दर किलोमीटरला सुमारे 100 पिकोसेकंद फैलाव होतो. म्हणजे 40 नॅनोमीटरचा एलईडी एका किलोमीटरमध्येच प्रत्येक स्पंद 4 नॅनोसेकंदांनी रुंद करतो. एलईडीची उघडझापही सेकंदाला एक-दोनशे मेगाबिटपलीकडे जात नाही. तरी स्वस्त, टिकाऊ आणि तापमानाची फारशी तमा न बाळगणारा म्हणून कार्यालयांतल्या जाळ्यांत त्याने पुष्कळ वर्षे काढली. 100 मेगाबिटची एफडीडीआय ही प्रणाली 1300 नॅनोमीटरच्या एलईडीवर दोन किलोमीटरपर्यंत चाले. मोटारींतील प्लॅस्टिक तंतूंत आजही लाल, 650 नॅनोमीटरचा एलईडी दिसतो. प्लॅस्टिकला अवरक्त प्रकाश मानवत नाही आणि काही मीटरच्या अंतरात लॉसची फिकीर कोणाला?

लेसरमध्ये एक फोटॉन जाताजाता दुसऱ्याला आपल्याच लयीत बाहेर काढतो. हे उत्तेजित उत्सर्जन जोर धरण्यासाठी प्रकाश आरशांमध्ये पुन्हापुन्हा फिरावा लागतो. फॅब्री-पेरो लेसरमध्ये यासाठी वेगळे आरसे लागत नाहीत. स्फटिक नैसर्गिक पातळीवर फोडला की त्याच्या दोन्ही गुळगुळीत कडा सुमारे 30 टक्के प्रकाश परत आत पाठवतात. प्रवाह एका उंबरठ्यापलीकडे गेला की प्रकाश एकदम वाढतो आणि त्यानंतर प्रवाहाच्या प्रमाणात चढतो. त्या उंबरठ्याच्या खाली लेसर एलईडीसारखाच वागतो. तापमान वाढले की उंबरठाही वर सरकतो. म्हणून लेसरच्या डबीत मागच्या कडेला एक छोटा फोटोडायोड बसवलेला असतो. तो मागून निसटणारा प्रकाश मोजून प्रवाह कमी-जास्त करायला लावतो. चाचणीच्या उपकरणातला लेसर तासभर स्थिर राहतो तो याच रचनेमुळे.

फॅब्री-पेरोची खोट अशी की तो एकच नव्हे, तर नॅनोमीटरहून किंचित कमी अंतरावरच्या अनेक रेषा एकदम देतो. त्या सगळ्या मिळून पट्टा दोन-तीन नॅनोमीटरचा होतो. 1310 च्या आसपास साध्या एकमोड तंतूतील फैलाव जवळजवळ शून्य असल्याने तिथे हे खपते. 1988 मध्ये कार्यान्वित झालेल्या टीएटी-8 या अटलांटिकपार केबलने हीच 1310 ची खिडकी वापरली. पण लॉस सर्वांत कमी आहे तो 1550 ला आणि तिथे साध्या तंतूत दर नॅनोमीटरला, दर किलोमीटरला 17 पिकोसेकंद फैलाव असतो. 3 नॅनोमीटरचा लेसर 100 किलोमीटरवर स्पंदाला 5 नॅनोसेकंद ताणतो. 2.5 गिगाबिटच्या संदेशात एका बिटची जागाच 0.4 नॅनोसेकंद असते. म्हणजे दहाबारा बिट एकमेकांत मिसळून जातात आणि वाचायला काही उरत नाही.

या कोंडीतून वाट काढली डीएफबी लेसरने. बेल लॅब्सचे हर्विग कोगेलनिक आणि चार्ल्स शँक यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की केवळ कडांच्या आरशांवर न विसंबता प्रकाशाच्या वाटेतच सूक्ष्म नियमित खाचा कोरल्या, तर त्यांच्या अंतराशी जुळणारी एकच तरंगलांबी तगते. बाकीच्या रेषा मुख्य रेषेहून 30-40 डेसिबलने खाली ढकलल्या जातात. लांब पल्ल्याच्या संदेशवहनाचा खरा पाया हाच लेसर आहे. त्याची तरंगलांबी अंशाला सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकते. एकाच तंतूत अनेक तरंगलांबी पाठवणाऱ्या सीडब्ल्यूडीएम पद्धतीत शेजारच्या वाहिन्या 20 नॅनोमीटर दूर असतात, म्हणून तिथे लेसर थंड ठेवावा लागत नाही. डीडब्ल्यूडीएम या अधिक दाट पद्धतीत 100 गिगाहर्ट्झचे अंतर म्हणजे अवघे 0.8 नॅनोमीटर. तिथे प्रत्येक लेसरखाली विजेवर चालणारा छोटा शीतक बसवून तापमान अंशाच्या अपूर्णांकापर्यंत धरून ठेवतात. परत येणाऱ्या प्रकाशाचेही डीएफबीला वावडे असते. वाटेतल्या जोडावरून थोडासा प्रकाश मागे आला तरी त्याची लय बिघडते. त्यासाठी लेसरपुढे एकेरी वाटेचा आयसोलेटर असतो आणि केबल टीव्हीच्या यंत्रणेत टोक आठ अंशांनी तिरके घासलेले हिरवे कनेक्टर असतात.

एवढे करूनही एक दोष राहतो. प्रवाह वर-खाली करून लेसर थेट चालवला की प्रत्येक स्पंदासोबत त्याची तरंगलांबी किंचित हेलकावते आणि अरुंद रेषेचा फायदा काही अंशी वाया जातो. वेग 10 गिगाबिटवर आणि अंतर दहापाच किलोमीटरपलीकडे गेले की लेसर अखंड जळत ठेवून प्रकाश पुढे अडवणे-सोडणे हाच मार्ग उरतो. हे काम त्याच चिपवरचा विद्युत-शोषक मॉड्युलेटर तरी करतो किंवा लिथियम नायोबेटचा माख-झेंडर मॉड्युलेटर. 100 गिगाबिट आणि त्यापुढच्या लांब पल्ल्याच्या यंत्रणांत प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कला आणि ध्रुवीकरणही संदेश वाहते. तिथे लेसरची रेषा किलोहर्ट्झमध्ये मोजावी लागते आणि ग्राहक टोकालाही तुलनेसाठी दुसरा लेसर ठेवावा लागतो. संदेश न वाहणारे लेसरही याच साखळीत आहेत. साउथहॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने 1987 मध्ये पुढे आणलेल्या एर्बियम तंतू-प्रवर्धकाला 980 किंवा 1480 नॅनोमीटरचा जोरकस लेसर खाद्य पुरवतो. त्या खाद्यावर 1550 चा थकलेला संदेश विजेत न बदलता पुन्हा तगडा होतो.

लांब पल्ल्याच्या अगदी उलट, डेटा सेंटरच्या रॅकांमध्ये, वेगळ्याच लेसरने बाजी मारली. तोक्योतील केनिची इगा यांनी 1977 मध्ये चिपच्या कडेऐवजी तिच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश देणाऱ्या लेसरची कल्पना मांडली. हाच व्हीसीसेल. त्याचे आरसे म्हणजे चकतीवर एकावर एक वाढवलेले पातळ थर. प्रकाश गोल झोताने निघतो, उंबरठा मिलिअँपिअरच्या घरात असतो आणि चकती कापण्याआधीच त्यावरचे हजारो लेसर तपासता येतात. यामुळे तो स्वस्त पडतो. 1998 च्या गिगाबिट इथरनेट मानकाने 850 चा व्हीसीसेल बहुमोड तंतूशी जोडला आणि त्या वेगाला एलईडी पुरे पडेना. एका परीने 850 ची जुनी खिडकी व्हीसीसेलने पुन्हा उघडली.

घरापर्यंत येणाऱ्या तंतूत हे सगळे एकत्र नांदताना दिसते. जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजकडून ग्राहकाकडे 1490 आणि ग्राहकाकडून परत 1310 असे दोन प्रकाश एकाच तंतूत उलट दिशांनी धावतात. केबल टीव्ही असेल तर तो 1550 वर येतो. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणाऱ्या भारतनेटमध्येही जीपॉन आहे. ग्राहकाच्या डबीतील लेसरला शिस्त पाळावी लागते. आपली पाळी आली की क्षणार्धात पेटायचे, पाळी संपली की पूर्ण विझायचे. एखादा लेसर पाळी सोडून पेटत राहिला, तर एक तंतू अनेक घरांत वाटणाऱ्या त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या ग्राहकांचा परतीचा मार्ग बिघडतो आणि दोष शोधणाऱ्याचा दिवस त्यातच जातो.

तंतू तपासणाऱ्या चाचणीच्या स्रोताला मात्र संदेश वाहायचा नसतो. त्याने स्थिर राहायचे आणि ज्या प्रकाशासाठी तंतू टाकला त्या प्रकाशासारखे वागायचे. ही दुसरी अट सर्रास दुर्लक्षिली जाते आणि क्षेत्रातले अनेक वाद तिच्यातूनच उद्भवतात. सर्वांत साधी मोजणी प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर यांची. आधी स्रोत दहा-पंधरा मिनिटे तापू द्यायचा. मग संदर्भ पॅचकॉर्डचे एक टोक स्रोतात, दुसरे मीटरमध्ये लावून मीटर शून्यावर आणायचा. यानंतर स्रोताकडचे टोक काढायचे नाही. काढून पुन्हा लावले तर गाभ्यात शिरणारा प्रकाश दशांश डेसिबलांनी बदलतो आणि शून्य खोटे ठरते. पुष्कळदा लॉस ऋण येतो, म्हणजे दुव्यातून प्रकाश वाढून बाहेर पडल्यासारखा दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच किंवा मळलेला संदर्भ कनेक्टर. शून्य झाल्यावर मीटरचे टोक सोडवून मध्ये तपासायचा दुवा आणि शेवटची पॅचकॉर्ड घालायची. मीटर दाखवेल तो त्या दुव्याचा लॉस. 5 किलोमीटरचा दुवा, दोन स्प्लाइस (तंतूचे कायमचे जोड) आणि दोन कनेक्टर असतील, तर 1310 ला अपेक्षित आकडा 1.75 अधिक 0.2 अधिक 1, म्हणजे 3 डेसिबलच्या आत हवा.

एकमोड तंतू 1310 आणि 1550 अशा दोन्ही लेसरांनी मोजतात आणि दोन आकड्यांतला फरक बोलका असतो. 1550 चा प्रकाश गाभ्याबाहेर जास्त सांडतो, म्हणून तंतू कुठे घट्ट वळला असेल तर तो आधी 1550 ला गळतो. 1310 ला दुवा उत्तम आणि 1550 ला वाईट दिसला, तर जोडाच्या पेटीत कोंबलेला वळसा शोधावा. जोड पुन्हा करत बसण्यात अर्थ नसतो.

बहुमोड तंतूत प्रश्न अधिक नाजूक आहे. एलईडीचा फाकलेला प्रकाश गाभा काठोकाठ भरतो, व्हीसीसेलचा झोत फक्त मधला भाग भरतो. काठाजवळचे मोड, म्हणजे प्रकाशाच्या काठाकडच्या वाटा, कनेक्टरच्या सांध्यात सर्वांत जास्त गळतात. म्हणून तोच दुवा एलईडीने मोजला की लॉस जास्त, व्हीसीसेलने मोजला की कमी येतो. दोन्ही मीटर बरोबर असतात. उपाय म्हणून स्रोताच्या पॅचकॉर्डला सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या दांड्यावर पाच वेढे देत. काठाचे मोड त्या वेढ्यांत झडून जात. आता आयईसी 61280-4-1 या मानकाने गाभ्याच्या कोणत्या त्रिज्येत किती टक्के प्रकाश असावा याचे साचेच घालून दिले आहेत आणि चाचणीसाठी एलईडीच धरला आहे. व्हीसीसेल स्वस्त आणि प्रखर असला तरी मोजणीत तो टाळलेलाच बरा, कारण एकाचा झोत दुसऱ्यासारखा नसतो.

ओटीडीआर या उपकरणाचा लेसर मोजणी एकाच टोकावरून करतो. हे तंत्र 1976 मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी मांडले. लहानसा स्पंद तंतूत सोडायचा आणि काचेतून विखुरून मागे येणारा अत्यल्प प्रकाश वेळेनुसार मोजत राहायचा. काचेतला वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धरला, की वेळेवरून अंतर निघते. 10 नॅनोसेकंदांचा स्पंद एक मीटरवरचे दोन जोड वेगळे दाखवतो, पण लवकर दमतो. 10 मायक्रोसेकंदांचा स्पंद शंभर किलोमीटरपलीकडे पाहतो, पण त्याला एका किलोमीटरमधले काही वेगळे दिसत नाही. स्पंदाची निवड ही म्हणून नेहमीची तडजोड आहे. येथे लेसर अरुंद रेषेचा असण्यापेक्षा जोरकस असणे महत्त्वाचे असल्याने फॅब्री-पेरो चालतो. अतिसुसंगत प्रकाशाने उलट मागे येणाऱ्या लहरी आपसात व्यतिकरण करतात आणि आलेख थरथरतो. चालू वाहतूक असलेल्या तंतूवर 1625 किंवा 1650 नॅनोमीटर वापरतात, म्हणजे तपासणीचा प्रकाश गाळणीने वेगळा काढता येतो.

उरलेल्या स्रोतांचे काम मर्यादित पण नेमके असते. दृश्य दोषशोधक म्हणजे 650 नॅनोमीटरचा साधारण एक मिलिवॅटचा लाल लेसर. तुटलेल्या जागी आवरणातून लाल ठिपका झळकतो. रॅकमधल्या पॅचकॉर्डसाठी तो अप्रतिम, पण लाल प्रकाश काचेत लवकर विखुरत असल्याने चार-पाच किलोमीटरपुढे निरुपयोगी. पन्नास तंतूंच्या केबलमध्ये नेमका तंतू ओळखायचा असेल, तर स्रोत 270 हर्ट्झ, 1 किंवा 2 किलोहर्ट्झच्या सुरात उघडझाप करतो आणि पलीकडे तंतू किंचित वाकवून तो सूर ऐकला जातो. तंतूचा लॉस सर्व तरंगलांबींना एकदम हवा असेल, तर कारखान्यात अजूनही टंगस्टन-हॅलोजनचा दिवा लागतो. त्याचा प्रकाश गाळणीतून तंतूत सोडतात, मग तंतूचा मोठा भाग कापून उरलेल्या तुकड्यावर पुन्हा मोजतात. डीडब्ल्यूडीएमच्या गाळण्या तपासायला तरंगलांबी बदलता येणारा लेसर किंवा रुंद पट्ट्याचा सुपरल्युमिनेसंट डायोड आणि एर्बियम तंतूचा स्वयंस्फूर्त प्रकाश वापरतात. सुपरल्युमिनेसंट डायोडला लेसरची ताकद आणि एलईडीचा रुंद वर्णपट दोन्ही असतात, फक्त आरशांची साथ मुद्दाम काढून घेतलेली असते.

सुरक्षेच्या दृष्टीने या सर्वांत फसवा भाग अदृश्यतेचा. लाल दोषशोधक डोळ्यावर पडला तर पापणी मिटते. 1310 चा प्रकाश पडला तर काहीच जाणवत नाही. 850 चा झोत डोळ्याचे भिंग थेट दृष्टिपटलावर एकवटते. 1400 नॅनोमीटरपुढचा प्रकाश मात्र डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, म्हणून 1550 ला मर्यादा सैल आहे. पण प्रवर्धकातून बाहेर पडणारे शंभरेक मिलिवॅट तिथेही इजा करू शकतात. तंतूत प्रकाश आहे का हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहण्याची सवय 850 पुरती चालते. कॅमेऱ्यातले सिलिकॉन सुमारे 1100 नॅनोमीटरपुढचा प्रकाश शोषतच नाही, तेव्हा 1310 किंवा 1550 ने भरलेला तंतूही पडद्यावर काळाच दिसतो. कनेक्टरचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याआधी पॉवर मीटर लावणे हा नियम म्हणूनच प्रत्येक जोडकामाच्या सूचनांत पहिल्या ओळीत असतो.